सापाच्या आहार-नोंदी दर तीन महिन्यांनी कोलमडतात: कारणं आणि दुरुस्ती

वही नवी आणली जाते, रकाने आखले जातात, सहा-आठ आठवडे सगळं व्यवस्थित चालतं. मग एखादा आठवडा सुटतो, "आठवतंय, उद्या लिहू" म्हणून दोन-तीन जेवणं राहतात, आणि चौथ्या महिन्यात साप खायचं थांबतो तेव्हा वहीत हवी ती एकही गोष्ट सापडत नाही. शेवटचं कधी खाल्लं? त्याआधी किती वेळा नाकारलं? तीन महिन्यांपूर्वी वजन किती होतं? पशुवैद्य हेच तीन प्रश्न आधी विचारतात.

कुत्रा-मांजर दिवसातून दोनदा खातं. एक वेळ चुकली तरी घरातल्या कुणाच्या तरी लक्षात येतं. साप मात्र ७, १४, कधी २१ दिवसांनी खातो, कात काही आठवड्यांनी टाकतो, आणि आजारी असला तरी बराच काळ वरून ठणठणीत दिसतो. इतक्या लांब अंतराच्या घटना कुणाच्याच डोक्यात नीट राहत नाहीत. एकच साप असेल तरी राहत नाहीत. चार-पाच असतील तर "त्या मोठ्याने मागच्या वेळी खाल्लं ना?" असं एकमेकांना विचारायची वेळ येतेच.

आधी एक चाचणी करा. कुठलाही एक साप निवडा आणि एका मिनिटात नोंदींतून चार उत्तरं काढा: शेवटच्या भक्ष्याची तारीख आणि ग्रॅममधलं वजन, शेवटच्या नकाराची तारीख, आजचं आणि तीन महिन्यांपूर्वीचं वजन, शेवटची कात अखंड निघाली की तुकड्यांत. चारही मिळाली तर तुमची पद्धत चालते आहे, तिला हात लावू नका. जे उत्तर मिळालं नाही त्यावरून बिघाड कुठे आहे ते कळेल.

रिकामी चौकट

सर्वांत जास्त नुकसान करणारा बिघाड हाच, आणि सर्वांत कमी लक्षात येणाराही हाच. बहुतेक लोक साप खातो तेव्हाच लिहितात. नाकारलं तर लिहायला काही नाही असं वाटतं. मग तीन आठवडे रिकामे दिसतात आणि त्या रिकामेपणाचे चार वेगवेगळे अर्थ निघू शकतात: दिलंच नव्हतं, दिलं पण नाकारलं, दिलं आणि खाल्लं पण लिहायचं राहिलं, किंवा कात यायची होती म्हणून मुद्दाम दिलं नाही. यातल्या दोन गोष्टी पूर्ण निरोगी आहेत, एक चिंतेची असू शकते आणि एक फक्त आळसाची आहे. तीन महिन्यांनी त्या ओळखणं अशक्य असतं.

उपाय: नोंद "खाल्लं" याची ठेवायची नाही, "दिलं" याची ठेवायची. भक्ष्य पेटीत गेलं की ओळ तयार झालीच पाहिजे, निकाल काहीही असो. निकालासाठी पाच अक्षरं पुरतात:

ख: खाल्लं.
न: नाकारलं, हुंगून दूर गेला किंवा पाहिलंही नाही.
म: झडप घातली, वेटोळ्यात आवळलं, पण गिळलं नाही.
व: मुद्दाम वगळलं. पुढे कारण लिहायचंच.
ओ: खाल्लेलं बाहेर टाकलं.

"म" वेगळं ठेवण्याला कारण आहे. झडप घालून सोडून देणाऱ्या सापाला भूक असते. अडचण बहुतेक वेळा भक्ष्याच्या तापमानात, आकारात किंवा आजूबाजूच्या हालचालीत असते. सरळ पाठ फिरवणाऱ्या सापाचं कारण वेगळं असतं: कात, ऋतू, पेटीतलं तापमान, ताण, आजार. दोन्ही "न" खाली गेले तर पुढे काय बदलून पाहायचं हेच कळत नाही.

"व" हे अक्षर रिकाम्या चौकटी संपवतं. डोळे दुधाळ दिसतात (कात जवळ आल्याची खूण) म्हणून या आठवड्यात दिलं नाही, तर "व, डोळे दुधाळ" इतकं लिहा. ठरलेल्या दिवसासमोर पाचांपैकी एक अक्षर असलंच पाहिजे. हा एकच नियम पाळला, बाकी सगळं लेखन गबाळं राहिलं, तरी नोंदी उपयोगी पडतात.

तारखेबद्दल एक बारीक गोष्ट. रात्री भक्ष्य ठेवलं आणि सकाळी ते नाहीसं झालेलं दिसलं, तर तारीख ठेवल्याची लिहायची. पेटीत ठेवलेला तुकडा सापाने खाल्ला की आडोशामागे सरकला आहे, हे सकाळी पेटी तपासूनच ठरवा. पाण्याच्या भांड्याखाली सडलेला उंदीर आणि वहीत "ख" ही जोडी वाटते तितकी दुर्मीळ नाही.

लिहिण्याची जागा पेटीपासून लांब आहे

वही टेबलावर, साप दुसऱ्या खोलीत, हातात चिमटा, चिमट्याला उंदराचा वास. अशा वेळी कुणी वही आणायला जात नाही. हात धुऊन झाल्यावर लिहू असं ठरतं, आणि हात धुताना फोन वाजतो. यात शिस्तीचा दोष फारसा नाही, अंतराचा आहे. अंतर काढून टाका.

प्रत्येक पेटीवर पोस्टकार्डाच्या आकाराचं जाड कार्ड लावा, प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात, आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिलच. पाण्याचा फवारा बसला की जेल पेनची शाई पसरते आणि आर्द्रता जास्त ठेवलेल्या पेट्यांशेजारी बॉलपेन दमट कागदावर उमटत नाही. कार्डावर चार रकाने पुरे: तारीख, भक्ष्य आणि ग्रॅम, निकाल, शेरा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, कार्डांवरच्या ओळी मुख्य वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये उतरवा आणि उतरवलेल्या ओळीखाली रेघ मारा. रेघ नसेल तर कुठली ओळ चढली आणि कुठली राहिली याचा पुन्हा गोंधळ होतो.

फोनवरचं ॲप वापरणाऱ्यांनीही कार्ड सोडू नये. ॲप आठवण चांगली करून देतं, पण भक्ष्य देताना फोनला हात लावणं टाळलेलंच बरं. ॲप निवडताना एकच गोष्ट पक्की पाहा: सगळ्या नोंदी तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येतात का. येत नसतील तर ते ॲप बंद पडलं त्या दिवशी तुमच्या सापाचा इतिहासही संपला.

"मध्यम उंदीर" म्हणजे किती?

भक्ष्याचा आकार शब्दात लिहिला की नोंद निकामी होते. एका विक्रेत्याचा "मध्यम" दुसऱ्याच्या "लहान" इतका असतो, आणि एकाच पाकिटातल्या दोन उंदरांत २० टक्क्यांचा फरक सहज निघतो. गोठवलेलं पाकीट घरी आलं की प्रत्येक उंदीर वजन करून पिशवीवर ग्रॅम लिहून ठेवा. एकदाच दहा मिनिटं जातात. नंतर वितळवायला काढताना आकडा तयार असतो. पाकीट आल्याची तारीखही लिहा. उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवलेलं भक्ष्य सहा महिन्यांच्या आत संपवलेलं चांगलं.

ग्रॅम का हवेत? कारण खाऊ घालण्याचं प्रमाण सापाच्या वजनाशी बांधलेलं असतं. वाढत्या सापांसाठी भक्ष्य शरीराच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के धरतात, प्रौढांसाठी त्याहून बरंच कमी. १५०० ग्रॅमच्या प्रौढ बॉल पायथनला (अजगराची एक छोटी, पाळली जाणारी जात) दोन-तीन आठवड्यांनी ७५ ते ९० ग्रॅमचा रॅट (मोठ्या जातीचा उंदीर), म्हणजे ५ ते ६ टक्के, पुरतो. ४०० ग्रॅमच्या कॉर्न स्नेकला (बिनविषारी, सडपातळ पाळीव साप) १० ते १४ दिवसांनी २० ते ३० ग्रॅमचा प्रौढ माऊस (लहान जातीचा उंदीर). अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना मात्र ही टक्केवारी लावू नका. कॉर्न स्नेकचं पिल्लू ६ ते ८ ग्रॅमचं असतं आणि त्याची पहिली पिंकी (उंदराचं बिनकेसाचं नवजात पिल्लू) २ ते ३ ग्रॅमची. हिशेब केला तर ते ३० टक्क्यांच्या आसपास जातं, आणि ते ठीक असतं, कारण पिंकीचं शरीर मऊ असतं आणि लवकर पचतं.

नोंदीत भक्ष्याचे ग्रॅम असले की एक गोष्ट आपोआप दिसू लागते, ती म्हणजे साप हळूहळू लठ्ठ होतो आहे. वर्षभर तोच "मोठा उंदीर" दर दहा दिवसांनी गेला, साप वाढायचा थांबला आणि वजन मात्र चढत राहिलं. पाळीव सापांत उपासमारीपेक्षा हा प्रकार जास्त पाहायला मिळतो, आणि कातडीच्या घड्या व शेपटीजवळचा फुगवटा दिसेपर्यंत बरंच उशीर झालेला असतो.

वजनाचे आकडे उड्या मारतात

आलेख पाहिला तर करवतीच्या दात्यांसारखा. या महिन्यात १२८०, पुढच्या महिन्यात १२०५, मग पुन्हा १२९०. साप खंगतो आहे की सुधारतो आहे काहीच कळत नाही. कारण साधं आहे: वजन कधी जेवणानंतर घेतलं, कधी आधी. १२०० ग्रॅमच्या सापाने ९० ग्रॅमचा रॅट गिळला की दुसऱ्या दिवशी काटा १२८५ ते १२९० दाखवतो. विष्ठा झाल्यावर आणि पाणी कमी झाल्यावर तोच १२०५ वर येतो. म्हणजे निव्वळ वेळेच्या फरकाने ६-७ टक्के "घट" दिसते, आणि घाबरून पशुवैद्याकडे नेण्याइतकी ती मोठी वाटते.

नियम असा ठेवा: वजन महिन्यातून एकदा, पुढचं भक्ष्य देण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी देण्याआधी. शक्य असेल तर विष्ठा होऊन गेल्यावर. झाली नसेल तर आकड्यापुढे "वि. नाही" असं लिहा. जेवणानंतर ४८ तास सापाला हाताळायचं नसतंच, त्यामुळे या नियमाने दोन कामं साधतात.

काटा प्रौढ सापांसाठी १ ग्रॅम अचूकतेचा स्वयंपाकघरातला डिजिटल चालतो. तो फक्त सापासाठीच ठेवावा, स्वयंपाकात परत नेऊ नये. पिल्लांसाठी ०.१ ग्रॅमचा हवा. ७ ग्रॅमच्या पिल्लाला १ ग्रॅमच्या काट्यावर ठेवलं तर काट्याची एक पायरीच १४ टक्क्यांची होते. झाकणाचा डबा काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, साप आत ठेवून झाकण लावा. साप हलत असेल तर तीन वेळा आकडा पाहा आणि मधला लिहा. वर्षातून दोन-तीनदा एखादी न बदलणारी जड वस्तू ठेवून काटा तपासा आणि तो आकडाही वहीत टिपा. सगळ्या सापांचं वजन एकाच दिवशी एकाच प्रमाणात उतरलेलं दिसलं तर दोष काट्यात आहे.

चुकीच्या सापासमोर बरोबर नोंद

कार्ड पेटीला लावलं की हा धोका येतो. पेटी धुताना साप दुसरीकडे हलवला, कार्ड तिथेच राहिलं. पुढचे दोन महिने एकाचं खाणं दुसऱ्याच्या नावावर चढत राहतं. दोन सारखे दिसणारे साप असतील तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

कार्ड सापाचं आहे, पेटीचं नव्हे. साप हलला की कार्ड त्याच्याबरोबर हललं पाहिजे, धुण्याच्या तात्पुरत्या डब्यापर्यंतही. प्रत्येक सापाला एक कायमचा क्रमांक द्या, उदाहरणार्थ "बॉ-०३". क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. साप दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी तो क्रमांक त्याच्याच नावावर बंद होतो. घरातलं लाडकं नाव कार्डावर असू द्या, पण मुख्य नोंद क्रमांकावर चालू द्या, कारण नावं बदलतात आणि घरातली मुलं एकाच सापाला तीन नावांनी हाक मारतात.

ओळख पटवायला फोटो ठेवा: डोकं वरून, दोन्ही बाजू, आणि शरीराच्या पुढच्या तृतीयांश भागाचा वरून घेतलेला. बॉल पायथनच्या अंगावरचे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात आणि आयुष्यभर त्याच जागी राहतात, रंग फिके-गडद झाले तरी. कॉर्न स्नेकचा पोटाकडचा चौकटींचा नमुनाही ओळखीला चांगला. पिल्लांचे फोटो वर्षभरात एकदा नव्याने काढा. एकरंगी साप अनेक असतील तर पशुवैद्याकडून मायक्रोचिप बसवून घेण्याचा पर्याय आहे, साप पुरेसा मोठा झाल्यावर.

दोघांनी खाऊ घातलं

घरात दोन जण काळजी घेत असतील तर दुहेरी जेवणाचा प्रसंग कधी ना कधी येतो. सकाळी एकाने दिलं, संध्याकाळी दुसऱ्याने. भुकेला साप दोन्ही गिळतो आणि तीन दिवसांनी ओकतो.

भक्ष्य दिल्याबरोबर कार्डावर लाल क्लिप लावा, ४८ तासांनी काढा. क्लिप असलेल्या पेटीला खाणंही नाही आणि हाताळणंही नाही. क्लिप नाही, कार्डावर ओळ नाही, आणि तरी शंका आहे, असं झालं तर दिलं गेलं आहे असंच धरा. निरोगी सापाचं एक जेवण चुकलं तर काही बिघडत नाही, दुहेरी जेवण मात्र बाधू शकतं. साप उचलून खात्री करू नका. पोटाचा फुगवटा बाहेरूनच पाहा आणि एक-दोन दिवस थांबा.

ओकल्याची नोंद अर्धवट

"ओकला" इतकंच लिहिलेलं असतं. त्यातून कारण सापडत नाही. त्या दिवशी या गोष्टी लिहा: जेवणाला किती दिवस झाले, भक्ष्य किती ग्रॅमचं होतं, बाहेर आलेलं किती पचलेलं होतं (जवळपास तसंच की अर्धं विरघळलेलं), उबदार बाजूचं प्रत्यक्ष तापमान, गेल्या तीन दिवसांत कुणी हाताळलं का. नेहमीची कारणं तीन: भक्ष्य मोठं, तापमान कमी, लवकर हाताळणं. पाच आकडे समोर असले की त्यांतलं कुठलं ते बहुतेक वेळा वाचूनच कळतं.

मग कार्डावर पुढची तारीख आधीच लिहून टाका: १४ दिवस काही द्यायचं नाही, पाणी कायम उपलब्ध. त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य, आणि दोन-तीन जेवणांत हळूहळू मूळ आकारावर. ही तारीख लिहिली नाही तर "बिचारा उपाशी आहे" म्हणून पाचव्या दिवशी कुणीतरी देतंच, आणि अन्ननलिका व पोट सावरलेलं नसल्याने तो पुन्हा ओकतो. लागोपाठ दोनदा "ओ" आला तर घरचे प्रयोग थांबवून पशुवैद्याकडे जा. बाहेर आलेलं भक्ष्य बंद पिशवीत, माणसांच्या अन्नापासून वेगळं, थंड ठेवून बरोबर न्या. वारंवार ओकण्यामागे क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवीही असू शकतो आणि तो तपासणीशिवाय कळत नाही.

कात आणि आहार वेगवेगळ्या पानांवर

कातीसाठी वेगळं पान ठेवणं नीटनेटकं दिसतं, पण वाचताना घात करतं. पुष्कळ साप डोळे दुधाळ असताना खात नाहीत. आहाराच्या पानावर दोन "न" दिसतात, छातीत धस्स होतं, आणि कारण मात्र दहा पानं पुढे लिहिलेलं असतं. सगळ्या घटना एकाच रांगेत, तारखेच्या क्रमाने लिहा: भक्ष्य, कात, विष्ठा, वजन, औषध, पेटी बदल. प्रत्येक सापासाठी एकच सलग रांग.

कातीच्या तीन तारखा टिपा: डोळे दुधाळ झाले, डोळे पुन्हा स्वच्छ झाले, कात टाकली. स्वच्छ झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत कात पडते. पडली की उलगडून पाहा, डोळ्यांवरच्या दोन्ही गोल टोप्या आणि शेपटीचं टोक कातीत आहे का. मगच "अखंड" लिहा. "तुकड्यांत" सलग दोनदा आलं तर आर्द्रतेच्या आकड्यांकडे वळा. बॉल पायथनला एरवी ५५ ते ६० टक्क्यांच्या वर आणि कातीच्या काळात त्याहून जास्त आर्द्रता लागते. कॉर्न स्नेकचं त्याहून कमीत भागतं.

विष्ठेची नोंद अगदी छोटी: तारीख, आणि पांढरा भाग म्हणजे युरेट कसा होता. पांढरट असेल तर लिहायलाही नको. कडक, पिवळा-नारिंगी असेल तर पाणी कमी पडत असण्याची शक्यता आहे, ते जरूर लिहा.

तापमान: लावलेलं आणि असलेलं

वहीत महिनाभर "३२" असतं, कारण थर्मोस्टॅटवर ३२ लावलेलं आहे. प्रत्यक्षात सेन्सर सापाने ढकलून जागेवरून हलवलेला आणि उबदार कोपरा २७ वर. साप खात नाही आणि नोंदी म्हणतात सगळं उत्तम. म्हणून दोन वेगळे रकाने: लावलेलं आणि मोजलेलं. मोजलेला आकडा स्वतंत्र डिजिटल मापकाचा हवा. काट्याची चिकटवायची गोल मापकं काही अंशांनी चुकतात, त्यांचा आकडा वहीत नको. आठवड्यातून एकदा आणि भक्ष्य देण्याच्या दिवशी एकदा, इतकं पुरे. बॉल पायथनसाठी उबदार बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७. इन्फ्रारेड मापक पृष्ठभागाचं तापमान सांगतं, हवेचं सांगत नाही. कुठल्या मापकाने मोजलं ते एका अक्षराने लिहा.

स्प्रेडशीट उलटसुलट लावते

०४/०३ म्हणजे ४ मार्च की ३ एप्रिल? संगणकाच्या मांडणीवर अवलंबून असतं, आणि एकाच तक्त्यात दोन्ही प्रकार मिसळले की क्रम लावल्यावर मार्चची जेवणं एप्रिलमध्ये जातात. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, २०२५-०३-०४. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगतं आणि मजकूर म्हणून क्रम लावला तरी तो बरोबर लागतो. दुसरी गोष्ट मराठीत काम करणाऱ्यांसाठी: देवनागरी आकडे टाकले तर स्प्रेडशीट त्यांना बहुतेक वेळा मजकूर समजते आणि हिशेब होत नाही. शीर्षकं आणि शेरे मराठीत असू द्या, तारीख आणि ग्रॅम मात्र इंग्रजी आकड्यांत.

प्रत्येक सापासाठी वेगळं पान उघडू नका. एकच लांब तक्ता, एका घटनेला एक ओळ, पहिल्या रकान्यात सापाचा क्रमांक, मग गाळणी लावून हवा तो साप पाहा. निकालाच्या रकान्यात पाच अक्षरांची निवड-यादी बांधून टाका, म्हणजे "खाल्लं", "खल्ल", "हो" असे तीन प्रकार तयार होत नाहीत. एका छोट्या पानावर प्रत्येक सापासमोर शेवटच्या "ख" पासून किती दिवस झाले ते मोजणारं सूत्र ठेवा (आजची तारीख वजा त्या क्रमांकाची सर्वांत अलीकडची "ख" तारीख) आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे चौकट लाल होऊ द्या. महिन्यातून एकदा तक्त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी साठवा.

नव्या सापाची वही वेगळीच

विलगीकरणातल्या सापाचं कार्ड, पेन्सिल, चिमटा, काट्यावरचा डबा सगळं वेगळं. एकच वही प्रत्येक पेटीपाशी फिरते, पेटीच्या कडेवर ठेवली जाते, आणि माइट (सापाचं रक्त शोषणारे बारीक किडे) असल्या वस्तूंवरून पुढच्या पेटीत पोहोचतात. फोनही त्यातच आला. कार्डावर विलगीकरण सुरू झाल्याची तारीख आणि ९० दिवसांनंतरची तारीख, दोन्ही पहिल्याच दिवशी लिहा. मधे माइट दिसले किंवा तोंडातून बुडबुडे आले तर ९० दिवस पुन्हा पहिल्यापासून. रोजच्या फेरीत या सापाकडे सर्वांत शेवटी जा.

सुटलेले महिने

मागचं भरून काढायचा मोह होतो. जे खरोखर शोधता येतं तेच भरा: फोटोंच्या तारखा, भक्ष्य मागवल्याच्या पावत्या, घरातल्यांना पाठवलेले निरोप, फ्रीजरमध्ये उरलेल्या उंदरांची संख्या. अशा ओळीपुढे "अं." म्हणजे अंदाजे असं लिहा. बाकी काळासाठी एकच ओळ: "या तारखेपासून या तारखेपर्यंत नोंद नाही." खोटी भरलेली ओळ पुढे खऱ्या ओळीसारखीच दिसते आणि पशुवैद्याला चुकीच्या दिशेने नेते. आज वजन करा आणि तिथून सुरुवात धरा.

आकडे वाचायचे कसे

प्रौढ नर बॉल पायथनने १४ आठवड्यांत सात वेळा नाकारलं. ऐकायला भयंकर. नोंदीत वजन १५०० वरून १४५५ वर आलेलं आहे, म्हणजे ३ टक्के. तापमानाचे आकडे ठीक, कात अखंड, श्वास स्वच्छ. प्रजननाच्या काळात या जातीचे नर महिनोन्महिने उपाशी राहतात. अशा सापाला दर आठवड्याला भक्ष्य दाखवून छळण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी एकदा द्या आणि महिन्याच्या ऐवजी पंधरवड्याने वजन करा. तोच साप १३५० पर्यंत उतरला, म्हणजे १० टक्के घट झाली, तर थांबायचं नाही. २०० ग्रॅमच्या पिल्लाच्या बाबतीत १० टक्के म्हणजे फक्त २० ग्रॅम, तिथपर्यंत ते फार लवकर पोहोचतं, म्हणून पिल्लांच्या लागोपाठ तीन नकारांचीच दखल घ्या. तोंड उघडं ठेवून श्वास, मान मागे वाकवून वर पाहत राहणं, अंग सैल पडणं यांपैकी काहीही दिसलं तर वजनाची वाट पाहू नका.

पशुवैद्याकडे पूर्ण वही नेऊ नका, ती वाचायला त्यांना वेळ नसतो. एकच पान करा: क्रमांक, जात, लिंग आणि ते कसं ठरवलं, जन्म किंवा आणल्याची तारीख, गेल्या सहा महिन्यांची वजनं, शेवटच्या सहा वेळा दिलेल्या भक्ष्याचे ग्रॅम आणि निकाल, शेवटच्या दोन काती, मोजलेली तापमानं व आर्द्रता, आधी दिलेली औषधं मात्रेसह. मालकीची किंवा परवान्याची कागदपत्रं लागत असतील तर त्यांची प्रत मागे टाचून ठेवा. औषधाची मात्रा वजनावर ठरते, तेव्हा वजन त्याच सकाळचं हवं. परत आल्यावर औषधाचा प्रत्येक डोस त्याच सलग रांगेत चढवा, तारीख आणि वेळेसह, आणि शेवटच्या डोसची तारीख कार्डावर लाल पेन्सिलीने.